भुलवणीचा पक्षी

दिवाळीच्या अंकात दिव्यावर लिहावे असा रिवाज आहे. मीही आज 'दीपका'वरच लिहिणार आहे. पण हा दीपक तेलवातीचा नव्हे. पाली भाषेतल्या जातककथांत हा शब्द एका निराळ्याच अर्थाने येतो. पारध्याने पकडून माणसाळवलेला आणि आपल्याच भाईबंदांना बोलावण्यासाठी रानात नेऊन ठेवलेला जो पक्षी, त्याला तिथे दीपक म्हणतात. तितर असला तर दीपक-तित्तिर, हरिण असले तर दीपक-मृग. शब्दाचे मूळ पंडितांनी शोधावे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आठवली ती पणतीवर झेप घेणारी पाखरे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणतीभोवती केरसुणीने गोळा केलेला त्यांचा खच.

'तित्तिर जातक' नावाची एक कथा आहे. एका पारध्याजवळ असा पाळलेला तितर होता. त्याने साद घातली की रानातले तितर धावत येत आणि पारध्याच्या हाती सापडत. तितराच्या मनात आले, माझ्यामुळे माझे गणगोत मरते आहे. हे पाप माझ्या माथी येणार. म्हणून तो गप्प राहू लागला. तेव्हा पारधी बांबूच्या काठीने त्याच्या डोक्यावर मारी, आणि त्या वेदनेने तो ओरडला की रानातले तितर ती साद समजून येत. एकदा हा पारधी एका तपस्व्याच्या झोपडीजवळ पिंजरा ठेवून झोपी गेला. ही संधी साधून तितराने तपस्व्याला विचारले, हे पाप कोणाचे? तपस्वी म्हणाला, तुझ्या मनात पाप नसेल तर ते तुला चिकटत नाही. कथा इथे संपते असे तुम्हांला वाटेल. मला तिच्यातला पुढचा बारीकसा तपशील अधिक मोलाचा वाटतो. पारधी जागा होतो, तपस्व्याला वंदन करतो, पिंजरा उचलतो आणि चालू लागतो. तितराचे समाधान झाले, पण त्याची सुटका काही झाली नाही. तो तितर म्हणजे पूर्वजन्मीचा राहुल आणि तपस्वी म्हणजे स्वतः बोधिसत्त्व, असे जातककार शेवटी सांगतो. बापाने मुलाला दिलेले हे उत्तर आहे, हे लक्षात घेऊन ती कथा पुन्हा वाचावी.

आपल्याकडे 'पारध' हा शब्द संस्कृत 'पापर्द्धि'वरून आला असे कोशकार सांगतात. पापर्द्धि म्हणजे पापाची वाढ. ज्याने हा शब्द घडवला तो शिकारी नसावा, शिकाऱ्याचा शेजारी असावा!

या विषयाकडे मी पुस्तकांतून वळलो नाही. माझे बालपण माळरानाच्या गावात गेले. उन्हाळ्यात गावाबाहेर पारध्यांची पाले पडत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडे वेताचा एक लहानसा पिंजरा होता आणि त्यावर मळक्या धडप्याचे आच्छादन. आत तितर होता. भल्या पहाटे तो म्हातारा पिंजरा काखेत मारून निघे, बांधाच्या कडेला एखादे झुडूप पाहून त्याखाली तो ठेवी, आणि सभोवार घोड्याच्या केसांचे फासे रोवी. फासे इतके बारीक की दहा पावलांवरून दिसू नयेत. मग फडके काढून तो लांब जाऊन आडवा होई. उजाडता उजाडता आतला तितर छाती फुगवून हाळी देऊ लागे, आणि पलीकडच्या करडईच्या रानातून उत्तर येई.

तितर का येतो, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. नर तितर आपल्या हद्दीचा धनी असतो. त्याच्या बांधावर येऊन दुसऱ्याने ओरडणे म्हणजे उघड आव्हान. तो भांडायला येतो. डोके खाली घालून, पिसे फुलवून, पिंजऱ्यातल्या वैऱ्याच्या रोखाने धावतो, आणि पाय फाशात अडकतो. आपल्या भाऊबंदकीचे दावे चालवणाऱ्या वकिलांना ही पारध ऐकून माहीत नसली तरी अनुभवाने माहीत असावी.

म्हणजे भुलवणीच्या पक्ष्याचे खरे काम समोरच्याच्या मनातली कुठली तार छेडायची हे ओळखणे. तितराच्या बाबतीत ती तार वैराची. बदकाची गोष्ट वेगळी. आकाशातून उडत जाणाऱ्या थकलेल्या बदकांना खाली पाण्यावर आपल्यासारखी चारदोन निवांत तरंगताना दिसली की त्यांना वाटते, इथे भय नाही. ही युक्ती किती जुनी आहे? अमेरिकेतल्या नेवाडा प्रांतात लव्हलॉक नावाची गुहा आहे. तिथे १९२४ साली उत्खननात एका टोपलीत पुरून ठेवलेली अकरा नकली बदके सापडली. पाणगवताच्या जुड्या वळून, बांधून, रंगवून ती केली होती. काहींवर खरी पिसेसुद्धा खोचली होती. त्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे. आपल्याकडे सातवाहन नाणी पाडीत होते, त्या काळात तिकडे कोणी एक शिकारी हंगाम संपल्यावर आपली बदके नीट गुंडाळून, पुढल्या वर्षी लागतील म्हणून पुरून ठेवीत होता. तो परत आला नाही. वस्तू मात्र इतक्या हुबेहूब की कुठल्या जातीचे बदक हे आजचा पक्षिशास्त्रज्ञ पाहताक्षणी सांगतो.

डच लोकांनी तिसरीच तार शोधली. ती कुतूहलाची. तळ्याच्या कडेने निमुळते होत गेलेले, वरून जाळीने झाकलेले चर ते खणीत. चराच्या काठी कुडाच्या आडोशांमधून कोल्ह्यासारखा दिसणारा एक शिकवलेला कुत्रा क्षणभर दिसे, पुन्हा दडे, पुढच्या आडोशाला पुन्हा दिसे. बदके त्याला भिऊन पळत नसत. हा काय प्रकार आहे ते पाहायला त्याच्यामागून चरात शिरत, आणि चर शेवटी पिशवीसारख्या जाळ्यात संपे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६५ च्या सुमारास लंडनच्या सेंट जेम्स बागेत असे तळे करवून घेतले. इंग्रजीतला 'डिकॉय' हा शब्दही या डच तळ्यांच्या नावावरूनच आला असे मानतात.

आता मुख्य हकीकत. ती कबुतराची आहे आणि जरा विस्तारानेच सांगायची आहे.

उत्तर अमेरिकेत एकेकाळी 'पॅसेंजर पिजन' म्हणून एक कबूतर होते. आपण त्याला प्रवासी कबूतर म्हणू. निळसर पाठ, नराची छाती विटकरी तांबूस, शेपूट लांब. युरोपियन लोक त्या भूमीवर उतरले तेव्हा त्याची संख्या तीनशे ते पाचशे कोटी असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. अलेक्झांडर विल्सन नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी प्रांतात एक थवा जाताना पाहिला आणि त्याचा हिशेब मांडला. हा हिशेब मी वर्गातल्या मुलांना घालतो. थव्याची रुंदी एक मैल; वेग मिनिटाला एक मैल; थवा डोक्यावरून जायला लागले चार तास; दर चौरस वाराला कबुतरे तीन. तर एकूण कबुतरे किती? मुले मैलाचे वार करतात, वारांचे वर्ग करतात, आणि फळ्यावर उत्तर उतरते : २,२३,०२,७२,०००. दोनशे तेवीस कोटींवर. एकच थवा! दरवर्षी कोणीतरी मुलगा हात वर करून म्हणतो, "सर, गणित चुकलंय." गणित चुकलेले नाही.

१८१३ च्या शरदात ऑडुबॉन हा चित्रकार पक्षिवेत्ता हेंडरसनहून लुइव्हिलला चालला होता. वाटेत या कबुतरांनी आभाळ भरले. भर दुपारी ग्रहण लागल्यासारखा उजेड मंदावला, आणि तीन दिवस ते थवे सरतच होते.

एवढ्या पक्ष्यांना मारायला बंदूक पुरी पडत नाही. तिथे जाळे लागते, आणि जाळ्यापाशी पक्षी उतरवायला भुलवणीचा पक्षी लागतो. प्रवासी कबुतराच्या जाळेवाल्यांची मांडणी अशी असे. प्रथम जागा निवडायची. थव्यांच्या नित्याच्या वाटेखालची, झाडांनी दाटलेली नव्हे तर वरून स्वच्छ दिसेल अशी. तिथली जमीन साफ करून, सपाट करून, तिच्यावर धान्य टाकायचे. काही ठिकाणी मीठ मिसळलेला चिखलही करीत, कारण या कबुतरांना मिठाची भारी ओढ. एका बाजूला लवचिक खांबांना ताणून मोठे जाळे दडवायचे, असे की दोरी सोडताच ते झेप घेऊन त्या तुकड्यावर पडावे. जरा अंतरावर फांद्यांची खोप. तिच्यात जाळेवाला बसणार, आणि सगळ्या दोऱ्या त्याच्या हातात येणार.

मग दोन प्रकारचे जिवंत पक्षी. पहिला 'उडता'. त्याच्या पायाला लांब दोरी. थवा दूरवर दिसला की त्याला वर फेकायचे. तो दोरीच्या लांबीइतका उडे आणि मग फडफडत खाली येई. लांबून पाहणाऱ्या थव्याला वाटे, तिथे आपले कोणीतरी उतरते आहे. दुसरा 'बैठा', आणि खरी करामत याची. एका दांडीच्या टोकाला गादी लावलेली लहानशी गोल बैठक, तिच्यावर हे कबूतर पायाने बांधलेले. दोरी ओढली की दांडी चारपाच फूट वर जाई. सोडली की खाली येई, आणि तोल सावरायला कबूतर पंख पसरून फडफडे. अगदी दाण्यावर उतरणाऱ्या सुखी कबुतरासारखे. या बैठ्या कबुतराच्या पापण्या दोऱ्याने शिवलेल्या असत. डोळे उघडे ठेवले तर माणूस पाहून, थवा पाहून ते बुजते, भलत्या वेळी झटापट करते. आंधळे केले की ते फक्त दांडीच्या हालचालीला उत्तर देते.

वाचक हो, सणाच्या दिवसांत हे लिहिताना माझा हात अडखळतो. पण ज्याच्यामुळे हजारो उतरले त्याला काय उतरले ते दिसतच नव्हते, ही गोष्ट गाळून हा इतिहास सांगता येत नाही. जातकातल्या तितराला निदान दिसत होते.

थवा वळे, गिरकी घेई, आणि धो धो पावसासारखा त्या तुकड्यावर कोसळे. जाळे पडे. एकेका वेळी शेकड्यांनी पक्षी सापडत. मग जाळेवाले त्यावर चालत आणि जाळीतून वर आलेली मुंडकी चिमट्याने दाबीत. पिंपांत बर्फ, बर्फात कबुतरे, पिंपे आगगाडीत, आणि तिसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात.

बैठ्या कबुतराच्या त्या बैठकीवरून 'स्टूल पिजन' हा शब्द आला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. भुलवणीच्या पक्ष्यासाठीच्या एका जुन्या फ्रेंच शब्दाचा तो अपभ्रंश आहे असे दुसरे म्हणतात. काही असो, अमेरिकन बोलीत आज त्याचा अर्थ पोलिसांचा खबऱ्या. आपल्यातला असून आपल्याला धरून देणारा. आपण त्याला फितूर म्हणू. डोळे शिवलेल्या प्राण्याला फितूर म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

इतके होऊनही कोणाला भय वाटले नाही. १८५७ साली ओहायो प्रांताच्या विधिमंडळाच्या एका समितीने, या कबुतराला संरक्षणाची गरज नाही, नेहमीच्या मारण्याने त्याची संख्या घटणे शक्य नाही, असा अहवाल दिला. थव्यांकडे पाहिले तर समितीचे चुकले असे म्हणवत नाही. पण दोन गोष्टी बदलत होत्या. एक तारायंत्र, दुसरी आगगाडी. पूर्वी कबुतरांची वीण कुठे बसली हे त्या पंचक्रोशीला कळे. आता ते तारेने चार प्रांतांत कळू लागले, आणि जाळेवाले धंदेवाईक होऊन एका विणीवरून दुसरीवर, गाडीने, वर्षभर हिंडू लागले. १८७१ मध्ये विस्कॉन्सिन प्रांतात साडेआठशे चौरस मैलांवर पसरलेली वीण बसली होती. तिथे तेरा कोटी साठ लाख पक्षी असावेत, असा हिशेब शॉर्गर या संशोधकाने पुढे मांडला. १८७८ साली मिशिगनमध्ये पेटोस्की येथे शेवटची अवाढव्य वीण. तिथे तर सबंध हंगामभर मारणे चालले होते. या पक्ष्याची मादी एका विणीला एकच अंडे घाली. घरट्यातून आईबाप उचलून नेले, पिल्ले काठीने पाडली, झाडे तोडली. मग पुढल्या वर्षी येणार कोण?

संख्या उरली तरी ती विखुरलेली उरली. हजारोंच्या गर्दीखेरीज या पक्ष्याला वीण साधत नसावी, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. ज्या स्वभावाने तो भुलवणीच्या कबुतराकडे उतरत होता, त्याच स्वभावाने त्याचा घात केला. जिथे आपले कोणी तिथे आपण. आणि आपले कोणी नाही तिथे आपणही नाही.

सिनसिनाटी शहराचे नाव या हकीकतीत दोनदा येते. जिवंत कबुतरे पेटीतून उडवून त्यांच्यावर नेम धरण्याच्या शर्यती त्या काळी जोरात होत्या, आणि त्यांत जाळ्यातली प्रवासी कबुतरे हजारोंनी खपत. १८८० मध्ये याच शहरातल्या जॉर्ज लिगोव्स्कीने त्याऐवजी यंत्राने फेकायची मातीची चकती काढली. तिला आजही मातीचे कबूतर म्हणतात. खऱ्याला सुटका देणारे कबूतर निघाले. पण उशीर झाला होता. त्याच शहराच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था नावाची मादी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडली. जगातले ते शेवटचे प्रवासी कबूतर. तिला तीनशे पौंड बर्फाच्या लादीत गोठवून आगगाडीने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आले. तिच्या पूर्वजांनीही असाच बर्फातून प्रवास केला होता. फक्त ते पिंपांत होते.

अमेरिकेत होल्याची शिकार आजही चालते, आणि कायद्याने चालते. तिथला होला आपल्या कवड्याचा, होल्याचाच भाऊबंद. त्याच्या घूत्काराला शोकाची कळा आहे म्हणून त्याचे नावच शोक करणारा होला. तो तगला, कारण तो गर्दीचा गुलाम नाही. घरटी दूरदूर करतो, दर खेपेला दोन अंडी, आणि हंगामात कित्येक खेपा. स्थलांतरी पक्ष्यांबाबत १९१६ मध्ये अमेरिका आणि, कॅनडाच्या वतीने, ब्रिटन यांच्यात करार झाला, त्यात १० मार्चपासून १ सप्टेंबरपर्यंत बंदीचा काळ ठरला. म्हणून पुष्कळ प्रांतांत होल्याचा हंगाम १ सप्टेंबरलाच उघडतो. मार्थाची तिथी तीच. हा निव्वळ योगायोग आहे.

या शिकारीत जिवंत भुलवणीचा पक्षी चालत नाही, आणि पक्षी यावेत म्हणून मुद्दाम दाणे पसरणेही गुन्हा. पाणपक्ष्यांच्या शिकारीत या दोन्हींना १९३५ साली बंदी झाली. तेव्हा आता प्लास्टिकचे होले. त्यांची मांडणी मात्र जुन्या जाळेवाल्याच्याच अकलेची. सूर्यफुलाची कापणी झालेले शेत, जवळ जनावरांना पाणी पाजायचे तळे, आणि मध्ये एखादे वठलेले झाड किंवा तारेचे कुंपण, अशी जागा धरायची. होल्याला खाऊन झाल्यावर, सांजेला पाण्यावर जाण्याआधी, चहूकडे दिसेल अशा उघड्या फांदीवर बसायची सवय असते. तिथेच नकली होले बसवायचे; पाने असलेल्या फांदीत नव्हे, कारण त्यांची आकृती आभाळावर उठून दिसली पाहिजे. तोंडे वाऱ्याकडे, पक्षी वाऱ्याला पाठ देऊन बसत नाही, आणि तसा बसलेला दिसला की वरचा पक्षी संशय घेतो. गर्दी करायची नाही, थोडे अंतर ठेवायचे. दोनचार पाण्याकाठच्या उघड्या जमिनीवर. विजेच्या घटावर पंख गरगरा फिरवणारा होलाही अलीकडे निघाला आहे. उतरणाऱ्या पक्ष्याच्या पंखाखालची पांढुरकी चमक तो दाखवतो. म्हणजे दांडीवरचे ते आंधळे कबूतर यंत्र होऊन परत आले. हे यंत्र झाले हे बरे झाले, असे मी मानतो.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनी शिकारीचा दरवाजा जवळजवळ बंद केला. ते योग्यच झाले. पण ज्यांच्या चुलीवर तितर शिजत होता, त्यांच्याकडे पाहायला आपल्याला वेळ झाला नाही. फासेपारध्यांना इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले होते. १८७१ चा तो कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू होईल असा केला गेला, आणि स्वतंत्र भारताने तो १९५२ साली काढून टाकला. कायदा गेला, गावाच्या डोळ्यांतला संशय राहिला. माझ्या लहानपणीही गावात कोंबडी हरवली की पहिली नजर पालांकडे जाई.

त्या म्हाताऱ्याची आणि माझी दोस्ती होती, हे मघा सांगायचे राहिले. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी तितर बोलत. एका सकाळी मीच त्याला तिथे घेऊन गेलो. कुठल्या बांधावर, किती बोलतात, सगळे दाखवले. आठवड्यात त्याने तिथे किती धरले ते मी मोजले नाही. पाने हलवण्याच्या दिवशी त्याने मला एक लांब पिसे दिले. मी त्याला विचारले, "बाबा, आतल्याला कळतं का हो?" त्याने पिंजऱ्यावर फडके टाकले, आतल्या आवाजाने हाळी बंद झाली, आणि तो म्हणाला, "त्याला इच्यार बाळा, तुझी वळख हाये आता."

त्या पावसाळ्यात ओढ्याकाठून एकदाही साद आली नाही. श्रावणात एके पहाटे वडील ओसरीवर दात घासत उभे होते. खालच्या रानाकडे कान देऊन म्हणाले, "यंदा तितर बोलत नाही, अं?" मी पाटीवर पाढे लिहीत बसलो होतो. मी मान वर केली नाही.